दुखणं कुणाला सांगितलं

वकीलबाईंच्या ऑफिसात बाहेरच्या खोलीत एक लांब सोफा होता आणि त्यावर तिघं बसली होती. ती, तिचा नवरा, आणि नवऱ्याच्या पलीकडे एक बाई. उंच, आखूड केसांची, रुंद खांद्यांची. नवऱ्याला खोकला येणार होता. ते तिच्या लक्षात आलं नाही. तिचं लक्ष समोरच्या टायपिस्टच्या चष्म्याकडे होतं, कारण त्याची एक दांडी वर नि एक खाली होती, आणि असा चष्मा दिसला की तिचे हात शिवशिवायचे. खोकला येणार हे त्या बाईच्या लक्षात आलं. तिने आपल्या पाठीमागची उशी उपसली, त्याच्या पोटावर ठेवली आणि म्हणाली, "दाबून धर. आणखी घट्ट. हं, आता खोक." त्याने उशी दोन्ही हातांनी कवटाळली आणि खोकला. अगदी मोकळेपणी, भरपूर खोकला. मग उशी परत केली. त्या बाईने ती पुन्हा पाठीमागे घातली, आणि दोघंही काही झालंच नाही अशी समोर बघत बसली. बस, इतकंच झालं. दुसरं कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, चांगली आहे बाई, मदतीला तत्पर. तिलाही तसंच वाटायला हवं होतं. पण तिच्या कानात एकच शब्द खिळ्यासारखा रुतला होता. खोक. 'खोका' नाही, 'जरा उशी घेता का' नाही. खोक. लग्नाला इतकी वर्षं झाली, लेक कॉलेजात जायला लागली, तरी ती स्वतः नवऱ्याला अहो-जाहोच करत होती. आधी सासूबाईंच्या धाकाने, मग सवयीने, आणि पुढे पुढे तर त्या 'अहो'मध्येच तिची सगळी माया जाऊन बसली होती. आणि ही कोण कुठली.

आणि तो घरी असा कधी खोकत नव्हता. हे तिला तिथे सोफ्यावर बसल्या बसल्या उमगलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. खोकला आला की तो उठून न्हाणीघरात जायचा, नळ सोडायचा आणि बराच वेळ बाहेर यायचा नाही. ती बाहेरून ओरडायची, "अहो, पाणी किती वाया घालवता!" आतून उत्तर यायचं, "झालंच." म्हणजे नळाच्या आवाजाखाली तो खोकत होता. भिंतीला धरून, ओठ आवळून खोकत असणार. आणि ती पाण्यावरून बोलत होती.

तो काचा बसवायचा. दुकानांच्या दर्शनी काचा, बँकांची दारं, उंच इमारतींच्या खिडक्या. माणसाएवढी काच दोघातिघांनी उचलून जिन्यावरून चढवायची आणि श्वास रोखून चौकटीत सोडायची. अशीच एक काच उचलताना जांघेच्या वर लिंबाएवढा फुगवटा आला. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, साधी गोष्ट, फाटलेल्या जागी आतून बारीक जाळी बसवायची की झालं. तेव्हा तो टेबलावर झोपल्या झोपल्या म्हणाला होता, "जन्मभर लोकांच्या खिडक्यांना काचा लावल्या, आता मला जाळी लावा म्हणजे डास यायचे नाहीत." डॉक्टर हसले, परिचारिका हसल्या, बाहेर आल्यावर त्याने तोच विनोद तिला पुन्हा सांगितला आणि तीही हसली. तो विनोद त्याने पुढे वर्षभर सगळ्या पाहुण्यांना ऐकवला. मग हळूहळू ऐकवेनासा झाला. मग एकदा तो आपली चादर उचलून बाहेरच्या खोलीतल्या आरामखुर्चीत गेला. "माझ्या कुशी बदलण्याने तुझी झोप मोडते," म्हणाला. तिने मान डोलावली. आणि अंथरुणावर त्याच्या बाजूला हात पसरून तिने जे पहिलं मनात आणलं ते हे, की कुणीतरी आहे. दुसरं कुणीतरी आहे. ती त्याच्या शर्टांचे खिसे बघायला लागली, कॉलर नाकाशी धरायला लागली. कॉलरला काचा चिकटवायच्या लांबीचा तेलकट वास यायचा, दुसरं काही नाही. पण वास येत नाही याने संशय कुठे फिटतो? उलट वाढतो. आज कळत होतं की त्या दिवसांत तो कुशीवर वळू शकत नव्हता. वळलं की आत कापड टरकावं तसं व्हायचं. डॉक्टर म्हणायचे जखम तर छान भरलीय, मनावर घेऊ नका, आणि तो खरंच मनावर घेत नव्हता. पोटावर घेत होता.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर अनोळखी लोकांच्या कानशिलांना तिचे हात लागायचे. बायकांचे केस कानामागे सारायचे, पुरुषांच्या नाकाच्या दांड्यावर बोट ठेवून फ्रेम नीट बसवायची, आणि "आता बघा, टोचत नाही ना?" असं त्यांच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊन विचारायचं. नवऱ्याने त्यावरून कधी एक शब्द काढला नव्हता. तेव्हा एका उशीवरून आपण एवढं पेटावं हे कुठल्या न्यायात बसतं? असा स्वतःचा खटला ती स्वतःपुढे चालवायची आणि प्रत्येक वेळी हरायची, आणि हरून पुन्हा पेटायची. याच दुकानात, लहानशा रेडिओवर, तिने ती बातमी ऐकली होती की अमुक जातीच्या जाळ्या सदोष निघाल्या, आत आक्रसतात, मांसात रुततात, म्हणून कंपनीने त्या परत मागवल्या आहेत. तिच्या हातात तेव्हा एक फ्रेम होती, दोनच आठवड्यांत दांडी निखळली म्हणून गिऱ्हाइकाने परत आणलेली. ती त्या फ्रेमकडे बघत राहिली. ही काउंटरवर ठेवता येते. पोटातली जाळी कुठल्या काउंटरवर नेऊन ठेवायची? वकीलबाईंचा पत्ता तिनेच शोधला. तिनेच त्याला मागे लागून पाठवलं. पहिल्या भेटींना तिला रजा मिळेना म्हणून तो एकटा गेला, आणि त्या एकट्या भेटींतच, त्या लांब सोफ्यावर, हे सगळं झालं असणार.

घरी परतताना बसमध्ये तिने खिडकीबाहेर बघत विचारलं, "कोण होत्या त्या?"

"कोण? ती? ती पोहायला शिकवते. तलावावर. तिलाही हीच जाळी. दुसऱ्या बाळंतपणानंतर बसवली, बेंबीपाशी."

"बरंच माहीत आहे."

"अगं, तिथे दुसरं बोलणार काय? सगळे जाळीवालेच."

"अरे-तुरे करतात तुम्हाला."

तो थोडा विचारात पडल्यासारखा झाला. "करते का? असेल. माझ्या लक्षात नाही आलं."

हे जास्त वाईट होतं. लक्षात आलं असतं तर ते परकं राहिलं असतं. त्या दिवसापासून तिने मनातल्या मनात त्या बाईचं नाव पोहणारी ठेवलं. खरं नाव तिला कळलं होतं, पण ते तिने तोंडात येऊ दिलं नाही. पोहणारीचे फोन यायचे, संध्याकाळी, जेवणाआधी. तो फोन घेऊन गॅलरीत जायचा आणि दार लोटून घ्यायचा. काचेच्या दारातून तो दिसायचा, ऐकू यायचा नाही. काचा बसवण्यात तो मुळातच वाकबगार. ती पोळपाट-लाटणं घेऊन उगाच त्या दाराजवळच्या ओट्याच्या टोकाशी उभी राहायची. तो बोलताना डावा हात पोटावर ठेवायचा, बोटांनी काहीतरी दाखवायचा, फोनवर कुणाला दिसणार नसलं तरी दाखवायचा, इथून इथपर्यंत. आणि हसायचा. एकदा लेक म्हणाली, "आई, बाबा कुणाशी बोलतात गं? एवढं काय हसतात?" ती म्हणाली, "वकिलाचं काम आहे." लेकीने भुवया उंचावल्या. "वकिलाच्या कामात एवढी मजा असते?" तिने लाटण्याखालची पोळी इतकी पातळ लाटली की ती उचलताना फाटली.

तो आत आल्यावर ती विचारायची, "आज कसं आहे?" तो म्हणायचा, "बरंय." ती म्हणायची, "खरं सांगा." तो म्हणायचा, "बरंय गं." या 'बरंय'वर तिचा जळफळाट व्हायचा. त्याच्या पायाला फोड आला तरी पूर्वी तो तिला दाखवायचा, हातात काच गेली तर तिच्यापुढे बोट करायचा, आणि ती चष्म्याच्या दुकानातला बारीक चिमटा आणून काच कण कण काढायची. त्याच्या अंगाचा सगळा पाढा तिला पाठ होता. आणि आता त्या अंगात एक जागा अशी तयार झाली होती की तिथे ती सोडून दुसरंच कुणी जाऊन येऊन होतं.

आठवड्याच्या सुट्टीला ती तलावावर गेली. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. आत शिरताच औषधी पाण्याचा वास नाकाला झोंबला आणि सगळे आवाज छताला आपटून परत आले. पोहणारी पाण्यात नव्हती. काठावर उभी होती, अंगात बंद गळ्याचं जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात लांब बांबू, आणि उथळ पाण्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांवर ओरडत होती, "आजोबा, पाय मार! मार पाय! अरे, बुडत नाहीस, उभा राहिलास तर कमरेएवढं पाणी आहे!" आजोबा नाकातोंडातून पाणी उडवत पाय मारत होते आणि खूश दिसत होते. मग पोहणारीला शिंक येणार होती बहुतेक, कारण तिने बांबू बाजूला टेकवला, डाव्या हाताचा तळवा पोटावर दाबला, थोडी पुढे वाकली आणि मग शिंकली. हुबेहूब तो. घरात तो असाच वाकायचा, असाच तळवा ठेवायचा. सबंध आयुष्य एकत्र काढलेल्या नवरा-बायकोंच्या लकबी एक होतात म्हणतात. तिची आणि त्याची एकही लकब एक झाली नव्हती, आणि या दोघांची झाली होती. ती बाकावर बसली आणि तिचे डोळे भरून आले. पाण्याच्या औषधाने असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

पोहणारीने तिला ओळखलं. बांबू ठेवून ती आली आणि सावकाश, बाक दोन्ही हातांनी धरून, शेजारी बसली.

"त्याला काही झालंय का?"

"नाही. मी सहज आले."

"इथे सहज कुणी येत नाही," पोहणारी म्हणाली. "एकतर पोहायला येतं नाहीतर पोराला न्यायला."

तिने ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं आणि जे बाहेर पडलं ते अगदीच पोरकट होतं. "तुम्ही यांना अरे-तुरे का करता?"

पोहणारी हसली, मग पोट धरून थांबली. "मी सगळ्यांनाच करते हो. पाण्यात उतरलेल्या माणसाशी अहो-जाहो करत बसले तर तेवढ्यात तो बुडेल. तोंडाला सवय झालीय. तुम्हाला आवडत नसेल तर नाही करणार."

"मला काय," ती म्हणाली.

मग पोहणारीच म्हणाली, "तुम्हाला वाटतं तो मला काय काय सांगतो. काही सांगत नाही. तो म्हणतो, आज आत ओढतंय. मी म्हणते, मलाही. तो म्हणतो, चप्पल घालायला वाकता आलं नाही. मी म्हणते, मलाही. झालं. मग आम्ही हसतो, कारण रडण्याने जास्त दुखतं."

"मला का नाही सांगत?"

"तुमचं तोंड उतरतं म्हणे. मग स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून त्याला तुमची समजूत काढत बसावी लागते."

परत येताना तो एक शब्द तिच्याबरोबर चालत होता. मलाही. तिच्यापाशी काय नव्हतं? वेळ होता, माया होती, गरम पाण्याची पिशवी होती, वकिलाचा पत्ता होता. हा एक शब्द नव्हता, आणि तो कुठे मिळण्यासारखाही नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नसताना तिने आपल्या पोटावर हात दाबून बघितलं. मऊ, निरोगी, बेशरम पोट. कुठे काही दुखेना. तिला स्वतःच्या तब्येतीचा राग आला. मग ती आरशासमोर उभी राहिली. दुकानात चारी बाजूंना आरसेच होते. त्याच्या आवाजात ती हळूच म्हणाली, "दुखतंय," आणि स्वतःचं तोंड पाहिलं. उतरलं. पुन्हा म्हणाली. पुन्हा उतरलं, या वेळी तर ती हसू ओढून-ताणून आणायच्या नादात आणखीनच केविलवाणी दिसली. लोकांना कुठल्या चेहऱ्याला काय शोभतं ते सांगून ती पोट भरत होती, आणि या एका शब्दाला शोभणारा चेहरा तिला सापडत नव्हता.

मग जबानीचा दिवस आला. दाव्यात बायकोचंही म्हणणं घ्यायचं असतं, संसाराचं काय नुकसान झालं ते तिने सांगायचं असतं. लांब टेबलाच्या एका बाजूला ती, नवरा आणि वकीलबाई, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील. कोपऱ्यात तो टायपिस्ट, अजून तसाच वाकडा चष्मा घालून. वकीलबाईंनी आधी बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोला. कंपनीचे वकील सौम्य गृहस्थ होते. त्यांनी स्वतः उठून तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. काम किती केलं, कधीपासून बंद, औषधं कोणती, असं विचारत विचारत ते हळूच त्या खोलीपर्यंत आले ज्या खोलीत कुणी येत नाही.

"यजमान वेगळे झोपतात?"

"हो."

"या केसमधल्याच दुसऱ्या एक बाई आणि तुमचे यजमान रोज फोनवर बोलतात. तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे."

"तुम्हाला ते आवडतं?"

वकीलबाईंनी हरकत घेतली. कंपनीचे वकील म्हणाले की प्रश्न साधा आहे. ते कुठे निघालेत ते तिला दिसत होतं. दुरावा जाळीमुळे नाही, बाईमुळे. संसार आधीच उसवलेला होता, त्यात कंपनीचा काय दोष. आणि तिच्या जिभेवर एक वाक्य अगदी तयार होतं: ती बाई आल्यापासून हे बदलले. एवढं एकच म्हणायचं होतं. त्या वाक्याने फोन थांबले असते. पोहणारीचा दावा पण त्याच चिखलात रुतला असता. ते म्हणायला किती गोड वाटलं असतं हे तिला त्या क्षणी अगदी जिभेच्या टोकावर कळत होतं. शेजारी नवरा टेबलाकडे बघत बसला होता. त्याच्या कपाळावर घाम होता. तासभर एका जागी बसून त्याला दुखत होतं, आणि तो उठून उभा राहत नव्हता, कारण उभा राहिला तर ती मध्येच थांबली असती.

"नाही आवडत," ती म्हणाली. "मी जळते त्या बाईवर. लिहून घ्या. पण हे खुर्चीत झोपायला गेले तेव्हा ही बाई कुठे होती? आम्हाला ठाऊकसुद्धा नव्हती. तेव्हाही मी जळत होते, नसलेल्या बाईवर. यांचे खिसे तपासत होते. आणि यांच्या पोटात तुमची जाळी होती. ती नसती तर हे दोघं एकमेकांना भेटायचे कशाला? माझं हे जळणंसुद्धा तुमच्याच कंपनीचं देणं आहे. तेही नुकसानीत धरा."

टायपिस्टची बोटं थांबली, मग पुन्हा चालायला लागली. कंपनीच्या वकिलांनी कागद एकावर एक नीट लावले आणि पुढचा प्रश्न औषधांचा विचारला.

बाहेर जिन्यावर नवरा कठड्याला धरून एक एक पायरी उतरत होता. मध्येच थांबून म्हणाला, "तू जळतेस?"

"मग काय, आरती ओवाळू?"

"पोहणारीवर?" हे नाव तिने कधी त्याच्यापुढे घेतलं होतं देव जाणे. त्याच्या चेहऱ्यावर एक चोरटा आनंद पसरला, म्हातारपणाकडे झुकलेल्या माणसाला कुणीतरी तरुण म्हटल्यासारखा. "मला वाटलं नव्हतं अजून..." आणि तो हसायला लागला, आणि हसताना दुखलं म्हणून तिथेच पायरीवर बसला. त्याच्या त्या आनंदाचा तिला इतका राग आला की ती दोन पायऱ्या पुढे जाऊन, पाठ करून उभी राहिली. पण उभी राहिली.

"मला सांगत जा," ती पाठमोरीच म्हणाली.

"सांगेन," तो म्हणाला. आणि खरंच त्याने प्रयत्न केला. चहा पिताना म्हणाला, "आज जरा ठसठसतंय." तिने कप खाली ठेवला. तो लगेच म्हणाला, "तसं कालच्यापेक्षा कमी आहे."

कंपनीने पुढे सगळ्यांशीच तडजोड केली. चूक कबूल केली नाही. चूक नसताना, केवळ सद्भावनेने, असं काहीतरी म्हटलं. त्यातून जाळी काढायचा खर्च निघाला. नव्या सर्जनने स्पष्ट सांगितलं की ती मांसात विणली गेलीय, निघेल तेवढी काढू, सगळी निघेलच असं नाही. पोहणारीचं ऑपरेशन आधी झालं आणि चांगलं झालं. त्याच्या ऑपरेशनच्या दिवशी ती आली तेव्हा तिचे केस ओले होते. ती पुन्हा पाण्यात उतरायला लागली होती. त्या ओल्या केसांचा हेवा करत ती पोहणारीशेजारी बसून राहिली. पोहणारीने यंत्रातून दोन कॉफ्या आणल्या, एक तिला दिली. सकाळ उलटून गेली. मग दार उघडून परिचारिका म्हणाली, "झालंय. अजून गुंगीत आहेत. एकच जण चला आत. कोण येतंय?"

दोघीही उठल्या. मग पोहणारी बसली.

आत पडदे ओढलेले होते आणि यंत्र सावकाश टिकटिकत होतं. त्याचे डोळे मिटलेले, ओठ कोरडे, चेहरा कुणीतरी धुऊन ठेवल्यासारखा. सर्जन येऊन सांगून गेले होते की बरीचशी काढली, एका नसेजवळचा तुकडा राहू द्यावा लागला. तिने त्याचा हात हातात घेतला. बोटं हलली.

"दुखतंय गं," तो म्हणाला.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आवाज ओळखला तर तो 'बरंय' म्हणेल. ती काही न बोलता त्याच्या बोटांवर अंगठा फिरवत राहिली.

"आत कुणी करवत ठेवून गेलंय. श्वास घेतला की चालते." तो थांबत थांबत, डोळे न उघडता बोलत होता. "नेताना मी रडलो. तिथल्या नर्सने पुसलं तोंड. मला वाटलं, आता काही परत येत नाही आपण. आणि आलो तरी काच नाही उचलता आली तर मी करू काय दिवसभर? खिडकीत बसू?" त्याचा श्वास संथ झाला. तिला वाटलं, झोपला. असं इतकं, सरळ, त्याने तिला आजवर कधी सांगितलं नव्हतं. तिला ते सगळं मिळत होतं. तिने आणखी जवळ वाकून कान त्याच्या ओठांपाशी नेला.

"हिला सांगू नकोस," तो म्हणाला. "ही फार घाबरते."

पडद्यापलीकडे कुणाची तरी खाट सरकवली गेली, चाकं करकरली. ते थांबेपर्यंत ती थांबली.

"नाही सांगत," ती अगदी हळू म्हणाली.